पाच वर्षांचे कराटे आणि एकही लढत नाही

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि गेली पाच वर्षे कल्याणमधील एका कराटे क्लासला जाते. तिच्याकडे ब्राऊन बेल्ट आहे आणि डिसेंबरमध्ये ब्लॅक बेल्टची ग्रेडिंग आहे. तिचे काता (ठरावीक क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली) उत्तम आहेत, त्यात तिला पदकेही मिळाली आहेत. क्लासमध्ये फाइट मात्र कधीच घेतली जात नाही. सर म्हणतात की आपली विद्या खेळासाठी नाही, प्रत्यक्ष प्रसंगासाठी आहे. तिच्यातले घाव इतके जीवघेणे आहेत की ते एकमेकांवर मोकळेपणाने वापरून पाहताच येत नाहीत. यंदा गणपतीत माझा भाचा घरी आला होता. तो दीड वर्षापासून बॉक्सिंग शिकतो. दोघांनी गंमत म्हणून, फक्त खांद्याला हात लावायचा असे ठरवून, खेळून पाहिले. तिला एकही हात अडवता आला नाही. ती मागे सरकत भिंतीला टेकली आणि रडू लागली. तेव्हापासून ‘माझी पाच वर्षे वाया गेली’ असे म्हणते आहे. दोन वर्षांनी ती शिक्षणासाठी पुण्याला वसतिगृहात राहायला जाईल. फाइट न करता शिकलेले कराटे खऱ्या प्रसंगी उपयोगी पडते का? क्लास बदलावा का? आणि मुलीने अशी मारामारी करणे सुरक्षित आहे का? तिच्या वडिलांना ते मान्य नाही.
— एक आई, कल्याण

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर ‘नाही’ असे आहे. विरोध न करणाऱ्या जोडीदाराबरोबर कितीही वर्षे सराव केला, तरी विरोध करणाऱ्या माणसाशी लढण्याची तयारी त्यातून होत नाही, आणि तुमच्या मुलीला हे घरातल्या घरात, जपून वागणाऱ्या भावासमोर कळले, हे बरेच झाले. परंतु पाच वर्षे वाया गेली हा तिने काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि फाइट सुरू केली की वसतिगृहातल्या मुलीची सगळी काळजी मिटेल, असेही मी तुम्हांला सांगणार नाही.

त्या दिवशी घरी काय घडले असावे, ते आधी पाहू. जेथे मोकळी लढत होत नाही, अशा कराटे क्लासमध्ये जोडीने जो सराव होतो, तो मुख्यतः इप्पॉन कुमितेचा असतो. त्यात हल्ला करणारा पवित्रा घेतो, तोंडावर मारणार की पोटावर ते आधीच जाहीर करतो, एक पाऊल पुढे टाकून एकच ठोसा मारतो आणि हात तसाच पुढे ताणून उभा राहतो. कोणता हात येणार, किती उंचीवर येणार आणि साधारण केव्हा येणार, हे बचाव करणाऱ्याला ठाऊक असते, आणि त्याने तो अडवून उलट दोन-तीन घाव दाखवेपर्यंत समोरचा माणूस जागचा हलत नाही. हा सराव निरुपयोगी मुळीच नाही. पाय कोठे टाकायचा, कंबर कशी फिरवायची, मूठ कशी आवळायची हे त्यातूनच अंगवळणी पडते. पण प्रत्यक्ष लढतीत ज्या गोष्टी माणसाला गोंधळात टाकतात, त्या नेमक्या या सरावातून काढून टाकलेल्या असतात. तुमच्या भाच्याने आपण कोठे हात लावणार ते सांगितले नाही, एकदा लावून तो थांबला नाही आणि लावलेला हात त्याने पुढे ठेवला नाही. पाच वर्षांत तिच्याशी असे कोणीच वागले नव्हते.

यात वेळेचा एक हिशोब आहे, तो समजला की तिच्या मनातला अपराधीपणा बराच कमी होईल. डोळ्यांना इशारा दिसल्यापासून हात हलू लागेपर्यंत निरोगी तरुण माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो, आणि तोही इशारा एकच व त्यावरची कृती एकच ठरलेली असेल तेव्हा. शक्यता वाढल्या की हा वेळ वाढत जातो. जवळून मारलेला सरळ ठोसा पोहोचायला जवळपास तेवढाच वेळ घेतो. म्हणजे ठोसा निघाल्यावर तो पाहायचा, ओळखायचा, पाच-सहा प्रकारच्या अडवणुकींतून योग्य ती निवडायची आणि मग हात उचलायचा, हे कोणत्याही बेल्टच्या माणसाला जमण्यासारखे नाही. तरीही बॉक्सिंग करणारी मुले ठोसे चुकवतात, कारण ती ठोशाची वाट पाहत नाहीत. समोरच्याचा खांदा किंचित उचलला गेला, भार पुढच्या पायावर आला, नजर बदलली, श्वास रोखला गेला, अशा बारीक खुणांवरून ती अंदाज बांधतात. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मारणाऱ्याला एक पाऊल पुढे टाकावेच लागेल अशा अंतरावर ती मुळात उभी राहतात. या खुणा कोणत्याही कातामध्ये नसतात आणि सांगूनही शिकवता येत नाहीत. खोटे इशारे करणारी, हुलकावणी देणारी अनेक वेगवेगळ्या उंचीची आणि स्वभावाची माणसे समोर आली, तरच डोळा तयार होतो.

मोकळ्या लढतीतून मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे लागण्याची सवय. ज्याला कधीच लागलेले नाही, त्याला पहिला फटका लागतो तेव्हा दुखण्यापेक्षा धक्का मोठा असतो. श्वास अडकतो, डोळे मिटतात, पाय खिळतात आणि पुढचे काही क्षण तो माणूस काहीच करत नाही. नेमक्या त्याच वेळात समोरचा दुसरा आणि तिसरा फटका मारतो. तुमची मुलगी भिंतीपर्यंत मागे गेली, ती भित्री आहे म्हणून नव्हे. हात येतो तेव्हा सरळ मागे न जाता बाजूला सरकायचे असते, हे तिला कदाचित तोंडपाठ असेल. पण घाबरलेल्या शरीराने ते करण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

आता सरांच्या युक्तिवादाकडे वळू, कारण तो तुमच्याच क्लासपुरता नाही आणि नव्यानेही निघालेला नाही. घाव फार घातक आहेत म्हणून मोकळा सराव करता येत नाही, ही अडचण खरी आहे. डोळ्यांत बोटे घालण्याचा किंवा गळ्यावर मारण्याचा सराव पूर्ण ताकदीने कोणी करू शकत नाही. या अडचणीवर सर्वांत मोलाचा तोडगा जिगोरो कानो यांनी काढला. त्यांनी तेन्जिन शिन्यो आणि कितो या जुजुत्सूच्या, म्हणजे झटापटीच्या जुन्या जपानी विद्येच्या, परंपरांत शिक्षण घेतले होते, आणि १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही शाळा स्थापन करून ज्युदो शिकवायला सुरुवात केली. ठोसे, लाथा आणि शस्त्रांविरुद्धचे प्रकार त्यांनी टाकून दिले नाहीत, ते कातामध्ये जतन केले. मोकळ्या सरावासाठी मात्र असेच प्रकार ठेवले, जे पूर्ण ताकदीने आणि पूर्ण विरोध करणाऱ्या माणसावर रोज करता येतील. ‘सौम्य’ केलेली ही विद्या शिकणारी मुले दुबळी निघाली नाहीत, उलट जुन्या घराण्यांतल्या शिष्यांपुढे ती भारी ठरली, कारण त्यांच्याकडे प्रकार थोडे असले तरी ते विरोध मोडून काढत शिकलेले होते. घातक घाव माहीत असणे आणि तो विरोध करणाऱ्या माणसावर बसवता येणे यांत फार अंतर आहे. गळ्यावर मारायचे तर हात गळ्यापर्यंत पोहोचायला हवा, आणि खेळातला साधा ठोसाही जिला पोहोचवता येत नाही, तिचा घातक ठोसा तरी कसा पोहोचेल?

ही अक्कल काही एकट्या जपानची नाही. तिकडच्या तलवारबाजांनी अठराव्या शतकात शिनाई म्हणजे बांबूची तलवार आणि अंगावरचे चिलखत वापरायला सुरुवात केली, ती जोरात आणि मनापासून वार करता यावेत म्हणूनच. आपल्याकडचा फरी-गदगा हाच विचार सांगतो : ढालीच्या जागी फरी, तलवारीच्या जागी कातडे चढवलेला गदगा, आणि मग दोघांनी खरोखर एकमेकांना गाठायचे. कुस्तीत तर दुसरा मार्गच नाही. वस्ताद डाव समजावून सांगतात, जोडीदारावर दोन-चार वेळा करून घेतात आणि लगेच लढतीला सोडतात. समोरचा पाय मागे खेचत असताना एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून पाडण्याचा डाव, निघतो की नाही, याचा निकाल त्याच संध्याकाळी लागतो. म्हणूनच तालमीत वर्षभर घाम गाळलेल्या मुलाला आपल्याला काय येते आणि काय येत नाही, याविषयी फारसा भ्रम उरत नाही.

विरोध नसलेल्या सरावाचा सर्वांत मोठा धोका हा भ्रमच आहे, आणि तो केवळ शिष्यांना होतो असे नाही. जपानमध्ये यानागी र्‍युकेन नावाचे एक गुरू होते. ते हात हलवीत आणि त्यांचे शिष्य स्पर्शावाचून धडाधड खाली पडत. आपल्या शक्तीवर त्यांचा विश्वास इतका पक्का होता, की २००६ मध्ये त्यांनी गोह इवाकुरा या व्यावसायिक मिश्र युद्धकलापटूशी उघड सामना स्वीकारला, आणि थोड्याच वेळात मार खाऊन ते खाली पडले. त्यांना मी भोंदू म्हणणार नाही. भोंदू माणूस असा सामना स्वीकारत नाही. वर्षानुवर्षे प्रत्येक शिष्य आदराने पडत गेला आणि शेवटी गुरूचाच त्यावर विश्वास बसला. तुमच्या क्लासमध्ये इतके टोकाचे काही चालत नसणार, पण जोडीदार सहकार्य करतो म्हणून डाव लागतो आणि डाव लागतो म्हणून तो खरा वाटतो, ही साखळी सगळीकडे सारखीच असते.

सरांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. १९२२ मध्ये ओकिनावाहून तोक्योला येऊन ज्यांनी जपानच्या मुख्य भूमीवर कराटे रुजवले, त्या गिचिन फुनाकोशींचा मोकळ्या लढतींना विरोधच होता, आणि काता हेच शिक्षणाचे मुख्य अंग आहे अशी त्यांची धारणा होती. तेव्हा सर जे सांगतात, त्यामागे एक जुनी आणि आदरणीय परंपरा आहे. मात्र त्याच ओकिनावात, त्याच पिढीत, चोकी मोतोबू हेही होते, आणि शिकलेले खरे ठरते की नाही हे ते नाहा शहरातल्या बदनाम वस्तीत मारामाऱ्या करून पडताळीत असत. त्यांचा मार्ग अनुकरणीय नाही, हे सांगण्याची गरज नाही. परंतु प्रत्यक्ष प्रसंगासाठीची विद्या म्हणजे लढतीवाचूनची विद्या असे समीकरण कराटेच्या इतिहासातही सर्वमान्य नव्हते, एवढे त्यावरून दिसते. पुढे फुनाकोशींच्याच परंपरेत कुमितेच्या, म्हणजे लढतीच्या, स्पर्धा सुरू झाल्या, आणि मासुतात्सु ओयामांच्या क्योकुशिन या कराटे शैलीत तर अंगावर पूर्ण ताकदीने मारण्याची पद्धत रूढ झाली.

येथवर वाचून तुम्ही उद्याच एखादा फाइटवाला क्लास शोधायला निघण्यापूर्वी, दुसरी बाजूही पाहायला हवी. नियमांत बांधलेली लढतही प्रत्यक्ष प्रसंगाविषयी काही चुकीच्या सवयी लावते, आणि ज्या नियमांत आपण लढतो त्याप्रमाणे त्या बदलतात. तायक्वांदोमध्ये डोक्यावर ठोसा मारण्यास बंदी आहे, त्यामुळे हात खाली ठेवून लढण्याची सवय होते. क्योकुशिनच्या स्पर्धांत चेहऱ्यावर हाताने मारता येत नाही, त्यामुळे छातीला छाती भिडवून उभे राहणे चालून जाते. ज्युदोत हाताने पाय पकडून पाडण्यावर २०१० पासून बंधने आली आणि पुढे ते पूर्णच बंद झाले. आमच्या कुस्तीगिरांना हे ऐकून हसू येईल. नियम आणि मारामारी यांतले अंतर ज्याला एका दृश्यात पाहायचे असेल, त्याने तोक्यो ऑलिंपिकमधली पुरुषांच्या ७५ किलोंवरील गटाची कराटेची अंतिम लढत आठवावी. ऑगस्ट २०२१ मध्ये झालेल्या त्या लढतीत सौदी अरेबियाचे तारेग हमेदी आघाडीवर होते. त्यांची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेह यांच्या मानेवर-डोक्यावर अशी बसली की ते शुद्ध हरपून खाली पडले. ताबा न राखता मारल्याबद्दल हमेदींना बाद करण्यात आले आणि सुवर्णपदक शुद्धीवर आलेल्या गंजजादेहांना मिळाले. खेळ म्हणून हा निर्णय नियमाला धरूनच होता, कारण सराव करणाऱ्या लाखो मुलांची डोकी त्याच नियमामुळे शाबूत राहतात. मात्र तसल्या लढतींतून मिळवलेला आत्मविश्वास जसाच्या तसा रस्त्यावर नेता येत नाही. रस्त्यावर वजनी गट नसतात, पंच नसतो, समोरचा एकटा असेलच असे नाही, आणि त्याच्या हातात चाकू असू शकतो. चाकूपुढे माझा सल्ला प्रत्येक बेल्टच्या माणसाला एकच असतो : मोबाइल, पर्स, जे मागतो ते द्यावे, आणि पळायची वाट असेल तर पळावे.

याहून मोठी अडचण मात्र नियमांची नाही. तुम्ही ‘खरा प्रसंग’ म्हणता तेव्हा बहुधा तुमच्या डोळ्यांसमोर रात्रीचा निर्मनुष्य रस्ता आणि अनोळखी माणूस येतो. असे घडते, पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवतात, की नोंद झालेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, ओळख वाढवून विश्वास मिळवलेला कोणीतरी. अशा प्रसंगाची सुरुवात ठोशाने होत नाही. ती गोड बोलण्याने, एकटे गाठण्याने, एका आगाऊ स्पर्शाने होते, आणि मुलगी ‘याला वाईट वाटेल’, ‘माझाच गैरसमज असेल’, ‘लोक काय म्हणतील’ अशा विचारांत अडकून पडते. लोकलच्या गर्दीतल्या हाताचेही तसेच आहे. तेथे प्रश्न ताकदीचा नसतो, तत्काळ आणि मोठ्याने ओरडण्याचा असतो. या ठिकाणी उत्तम स्पॅरिंग, म्हणजे सरावाची मोकळी लढत, करणारी मुलगीही गप्प बसू शकते, कारण हातमोजे घातलेल्या, पंचाने ‘हाजिमे’ (सुरू करा) म्हटल्यावर सुरू होणाऱ्या लढतीसारखे तेथे काहीच नसते.

याविषयी एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. कॅनडातील तीन विद्यापीठांत शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला केवळ माहितीपत्रके मिळाली. दुसऱ्या गटाला प्रत्येकी तीन तासांची चार सत्रे दिली गेली. त्यांत ओळखीच्या पुरुषाकडून येणारा धोका लवकर कसा ओळखावा, ओळखीच्याला नकार देताना मनात जो संकोच होतो तो कसा बाजूला सारावा आणि शब्दांनी व शरीराने प्रतिकार कसा करावा, हे शिकवले होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभरात बलात्कार झालेल्या मुलींचे प्रमाण माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के होते, तर प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मे. त्या बारा तासांत कोणी कोणाला बॉक्सिंग रिंगमध्ये उतरवले नव्हते.

ही आकडेवारी फाइटविरुद्धचा पुरावा म्हणून सरांच्या हाती देऊ नका, कारण त्या मुलींना काताही शिकवलेले नव्हते. प्रशिक्षणाला यश आले ते ज्या प्रसंगासाठी तयारी करायची, तोच प्रसंग समोर ठेवून तयारी केल्यामुळे, आणि स्पॅरिंगच्या बाजूने माझा जो मुद्दा आहे तोही हाच आहे. लाल मातीत घडलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सवय नसलेल्या गादीवर उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. इतक्या थोर पैलवानालाही नुसत्या पृष्ठभागातला फरक जड जातो, तर आमच्यासारख्यांनी हवेत मारलेल्या लाथांवर किती विसंबावे, याचा विचार करावा.

म्हणून पुण्याला जाण्यापूर्वी तिला दोन वेगळ्या गोष्टी मिळाव्यात, असे मला वाटते. पहिली म्हणजे विरोध करणाऱ्या माणसाबरोबरचा नियमित सराव. त्याचा उपयोग ती कोणाला हरवेल म्हणून नाही; अंगावर कोणी आले तर ती गोठून न जाता धक्का देऊन, सुटून, पळू शकेल म्हणून आहे. दुसरी म्हणजे बोलण्याचा आणि नकार देण्याचा सराव, आणि तो घरीही होऊ शकतो. ‘माझ्या खांद्यावरून हात काढा’ हे वाक्य मोठ्या माणसाला, नजर न चुकवता, आवाज न थरथरता म्हणायला तिला लावा. पहिल्या खेपेला हसू येईल. दहाव्या खेपेला येणार नाही. यात तिच्या वडिलांनी समोरच्या माणसाची भूमिका करावी, असे मी मुद्दाम सुचवते. फाइटला विरोध असणाऱ्या वडिलांना आपली मुलगी नेमकी कोठे अडखळते, हे तेवढ्यात दिसून येते.

कायद्याचीही थोडी माहिती तिला असावी, कारण अनेक घरांत ‘उगाच हात उचलू नकोस, तुझ्यावरच केस होईल’ असे सांगून मुलींना गप्प केले जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क स्पष्टपणे दिलेला आहे. बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या उद्देशाने केलेला हल्ला, तसेच ॲसिड फेकण्याचा प्रयत्न अशा प्रसंगी तो हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जाऊ शकतो. मर्यादा एवढीच, की बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. समोरचा पळू लागल्यावर त्याचा पाठलाग करून त्याला बडवणे स्वसंरक्षणात बसत नाही. आणि ११२ हा क्रमांक तिच्या मोबाइलमध्ये असण्यापेक्षा तिच्या तोंडात असलेला बरा.

आता सुरक्षिततेविषयी. वडिलांची भीती निराधार नाही. आपल्याकडच्या काही क्लासमध्ये फाइटच्या नावाखाली नवख्या मुलांना मोठ्यांच्या तावडीत देतात आणि रडणाऱ्याला चिडवतात. असा क्लास फाइट न घेणाऱ्या क्लासपेक्षा वाईट समजावा. योग्य ठिकाणी हा सराव पायऱ्यापायऱ्यांनी होतो. आधी केवळ खांद्याला किंवा गुडघ्याला स्पर्श करण्याचे खेळ, म्हणजे तुमच्या भाच्याने खेळला तोच. मग एकाने फक्त मारायचे आणि दुसऱ्याने फक्त चुकवायचे. मग ठरावीक दोनच घाव घेऊन हलकी लढत. आणि पुष्कळ महिन्यांनंतर सगळे मोकळे, पण जोर अर्ध्याहून कमी. सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर जोरदार मार बसेल असा सराव करण्याचे काहीही कारण नाही. हेडगार्ड घातले की धोका नाही, या समजावर विसंबू नका. हेडगार्डमुळे कापणे, सूज येणे टळते, पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हादरा टळत नाही. डोक्याला लागल्यावर डोके दुखू लागले, मळमळले, गरगरले, प्रकाश नकोसा झाला किंवा ती तेच तेच विचारू लागली, तर सराव त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांना दाखवायचे, आणि त्यांनी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा लढतीला उतरायचे नाही. माउथगार्ड, छातीचे आणि नडगीचे गार्ड यांवर मात्र खर्च करावा, आणि ते स्वतःचेच असावेत.

डोक्यावर मार नकोच असे वडिलांचे ठाम मत असेल, तर ज्युदो किंवा कुस्ती हा मला सर्वांत चांगला पर्याय वाटतो. दोन्हींत लवकरच पूर्ण विरोध करणारा माणूस समोर असतो, ठोसे मात्र नसतात. आणि कोणी मनगट धरले, मिठी मारली, खाली पाडले, तर काय करायचे हे त्यात शिकता येते. मुलींना असे प्रसंग ठोशांपेक्षा अधिक येतात. पडायला शिकणे हा तर आयुष्यभराचा लाभ आहे. ‘मुलींनी कुस्ती?’ असा प्रश्न घरात निघाला, तर २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला झालेल्या पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीची आठवण द्या. गदा सांगलीच्या प्रतीक्षा बागडी यांनी जिंकली, आणि अंतिम फेरीत त्यांच्यासमोर उभ्या होत्या त्या तुमच्याच कल्याणच्या वैष्णवी पाटील.

पाच वर्षांचे काय, असे तिने विचारले, तर तिला हे सांगा. तोल, पायांची ठेवण, कंबरेतून येणारी ताकद, लाथेची उंची, दमसास आणि रोज वेळेवर जाण्याची शिस्त हे तिच्याकडे आहे, आणि नव्याने येणाऱ्या मुलीला ते मिळवायला बराच काळ लागतो. जे नाही ते अंतर, वेळ आणि हुलकावणी ओळखणे. आठवड्यातून दोन वेळा हलका, मोकळा सराव मिळाला, तर काही महिन्यांत फरक तिचा तिलाच जाणवेल. सुरुवातीला मात्र तिची पीछेहाट झाल्यासारखे वाटेल. सुंदर पवित्रे मोडतील, काता करणारे पाय अडखळतील. त्या दिवसांत तिला सांभाळून घ्या.

क्लास बदलण्याचा निर्णय सरांशी बोलल्यावरच घ्या. त्यांना ‘तुमचे कराटे खोटे आहे’ असे सुनावू नका. भेटून एवढेच विचारा, की वरच्या बेल्टच्या मुलांसाठी आठवड्यातून एकदा गार्ड घालून, तुमच्या देखरेखीखाली, हलका मोकळा कुमिते सुरू करता येईल का. आणि त्याची सवय नसेल, तर महिन्यातून एखाद्या रविवारी दुसऱ्या क्लासच्या मुलांबरोबर सराव ठेवता येईल का. ज्याला आपल्या शिकवण्यावर विश्वास आहे आणि शिष्यांची काळजी आहे, असा शिक्षक या विनंतीवर विचार तरी करील. ते तयार झाले, तर क्लास बदलण्याचे कारण उरत नाही. त्यांनी नकार दिला, किंवा दुसरीकडे जाऊन सराव करणाऱ्यांना काढून टाकण्याची धमकी दिली, तर डिसेंबरची ग्रेडिंग होऊ द्या, कारण त्या परीक्षेत जे तपासले जाते ते तिने कष्टाने मिळवले आहे. आणि जानेवारीपासून तिचे नाव ज्युदोत, कुस्तीत किंवा भाच्याच्या बॉक्सिंग क्लासमध्ये घाला. प्रवेश घेण्यापूर्वी तिला बरोबर घेऊन एक पूर्ण तास बसून पाहा : तिथे मुली आहेत का, नवख्यांना कोणाबरोबर उभे करतात, आणि एखादी थांबा म्हणाली तर समोरचा लगेच थांबतो का.